धाकट्या महालक्ष्मीचे डोळे

गहिनीनाथ,

दिवाळी अंकवाल्यांनी तुला तीन प्रश्न पाठवले होते. अलीकडे काय काय पाहिलंत, काम कशावरून सुचतं, आणि हाताशी लागणारी आवडती साधनं कोणती. जिल्ह्यातल्या सगळ्या कलाकारांना हेच तीन. सिरसाळ्याच्या एका मूर्तिकारानं आठ पानं भरून पाठवली, त्यातली दोन नुसती परदेशी चित्रकारांच्या नावांची. तू पहिल्यापुढं लिहिलंस, 'काही नाही.' दुसऱ्यापुढं, 'सांगता येत नाही.' तिसऱ्यापुढं, 'ब्रश, आरसा,' आणि खाली सही. सातवीत माझ्या वर्गात पेपर असाच द्यायचास. उत्तर यायचं, पण लिहायचा कंटाळा.

संपादकांचा फोन मला आला. "बाई, तुमचा माणूस शिष्ट आहे का हो?" मी म्हटलं, उत्तरं खरी आहेत, फक्त अपुरी आहेत. उरलेलं मी लिहिते. तुला विचारत बसले नाही. विचारलं असतं तर नको म्हणाला असतास, आणि नको म्हणणाऱ्या माणसाची समजूत काढण्याचं माझं वय राहिलेलं नाही. समोर बसवून सांगायला गेले तर रंग ढवळायचं निमित्त काढून उठशील. म्हणून इथून पुढं तू म्हणजे गहिनीनाथ आणि मी म्हणजे बाई. पटलं नाही तर येऊन भांड.

पाटोद्याच्या बाजारपेठेमागच्या बोळात गहिनीनाथची पत्र्याची खोली आहे. वर्षभर तिथं कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नाव घालायचं काम असतं, कधी एखाद्या देवळातला गरुड रंगवायचा असतो. श्रावण लागला की मात्र दारात बायांची रीघ लागते. प्रत्येकीच्या कुशीत फडक्यात बांधलेलं गाठोडं, आणि त्यात दोन मुखवटे, थोरली आणि धाकटी. भाद्रपदात या दोघी बहिणी घरोघरी येतात. धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांवर साडी नेसवून उभ्या करतात, वर मुखवटे बसवतात, सोळा भाज्या आणि पुरणाचा नैवेद्य दाखवतात. तीन दिवसांचं माहेरपण झालं की मुखवटे परत पेटीत. कापराच्या धुरानं आणि दरवर्षीच्या हळदीकुंकवानं रंग मळतो, टवके जातात, डोळे फिके पडतात. ते नवे करून द्यायचे, एवढंच गहिनीनाथचं काम.

एवढंच म्हणायचं खरं. पण प्रत्येक घराला आपल्या लक्ष्म्यांचा चेहरा पाठ असतो. "आमची थोरली जरा रागीट हाय, तिला हसवू नका," असं बजावून बाया जातात. कुणाची धाकटी बावरलेली, कुणाची खट्याळ. शंभरावर घरं असतील, आणि गहिनीनाथनं कधी कागदावर काही टिपून ठेवलं नाही. गाठोडं सोडलं की चेहरा बघून घर सांगतो. रंगवून झालं की कोऱ्या खणात गुंडाळून देतो, आणि तो खण देवी उंबरा ओलांडून आत यायच्या क्षणापर्यंत कुणी सोडायचा नाही, अशी इथली रीत. आधी डोकावून बघणं म्हणजे पाहुणीला वाटेतच अडवण्यासारखं.

साधनं दोनच. खारीच्या शेपटीचे मोजके केस दोऱ्यानं आवळून कोंबडीच्या पिसाच्या नळीत बसवलेला ब्रश, तो फक्त पापणीसाठी. त्याला एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ आणि डिंक लागतो, बाजारचा काळा रंग नाही. आणि दुसरा, न्हाव्याच्या दुकानातून आणलेला, कडेचा पारा उडालेला आरसा. मुखवटा पुरा झाला की तो त्याच्याकडं पाठ करून बसतो आणि आरशात बघतो. सरळ बघितलं की आपलं काम आपल्याला गोड लागतं, आरशात ते दुसऱ्याचं वाटतं आणि मग चुका दिसतात, असं त्याचं म्हणणं. बाईंनी हे ऐकल्यावर घरी जाऊन स्वतःचं जुनं लेखन उलटं धरून बघितलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता राहिलं पाहणं. पाटोद्याच्या एसटी स्टँडवर रसवंतीशेजारी एक सिमेंटचं बाकडं आहे. त्यावर हा आठवड्यातून दोन दिवस नुसता बसायचा. त्यावरून घरात वाद ठरलेला.

"लोकं देवळात जातेत," सुनिता, त्याची बायको, येईल त्याला सांगायची, "आमचं मालक स्टँडवर जातेत बाया बघायला."

"बाया न्हाई. डोळे."

"डोळे काय बायांनी काढून बाकड्यावर मांडून ठिवलेत का?"

"अगं, आकार त्या त्या घरचा ऱ्हातो. त्यात बघणं नवं घालावं लागतं. मागच्या सालचं बघणं शिळं होतं."

"मग माझं घाला की. मी काय आंधळी हाय?"

"तुझं घातलं तर देवी घरच्यांला नैवेद्याला पुरण कमी कावून पडलं ते इचारील."

असं हसतखेळत चाललेलं होतं. दोन वर्षांमागच्या कार्तिकात तो असाच नाक्यावर चहाला थांबला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याचे दिवस. एक ट्रक चाकात हवा भरायला उभा राहिला. वर पोती, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या, आणि त्यावर बसलेली माणसं. कडेला एक बाई होती, पंचविशीची असेल. सगळी टोळी गप्पा मारत होती आणि ही एकटी गावाकडच्या रस्त्याकडं बघत होती. रडत नव्हती, चिडलेली नव्हती. नजर थोडी खाली, थोडी डावीकडं, जसं कुणी तरी वळणावर आता दिसेल, आता दिसेल. हवा भरून झाली, ट्रक गेला. गहिनीनाथचा चहा निवला होता. पाहिलं ते एवढंच.

पुढच्या श्रावणात अर्जुनरावांच्या घरचं गाठोडं आलं. अर्जुनराव म्हणजे साठ एकर बागायत, दोन वेळा पंचायत समिती, आणि गावाच्या कडेला मोठं घर. पोटमाळ्यावरून पेटी पडून धाकटीचा मुखवटा कपाळापासून गालापर्यंत फुटला होता. नाक, हनवटी शाबूत, डोळ्यांच्या जागी भगदाड. गहिनीनाथनं शाडू भरला, घासला, पांढरा हात दिला आणि ब्रश उचलला. कुणाचा विचार मनात नव्हता, असं तो शपथेवर सांगतो. झाल्यावर आरशात बघितलं. खोट सापडली नाही. असं आजवर झालं नव्हतं, म्हणून त्यानं पुन्हा बघितलं, आणि मग खणात गुंडाळून दिलं.

महालक्ष्म्या बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनरावांचा ड्रायव्हर सुग्रीव मोटरसायकलवर आला. उतरलासुद्धा नाही.

"काय बे गहिनीनाथ, कुणाचं तोंड लावलंस आमच्या धाकटीला?"

"कुणाचं म्हंजे? तुमच्याच घरचं हाय. नाक तेच, हनवटी तीच."

"आन् डोळे?"

गहिनीनाथनं हात फडक्याला पुसले.

"आमच्याकडं कामाला सुभद्राबाई हाय की न्हाई, ती उंबऱ्यावर पाणी घालायला उभी होती. वहिनीसाहेबांनी खण काढला आन् ही तिथंच खाली बसली, तांब्यासकट. म्हणली, ही माझी शिवकन्या हाय. झालं. मग एकीला दिसली, दुसरीला दिसली, सगळ्यायला शिवकन्याच दिसायला लागली. आता तीन दिवस देवी बसलेली, उठवता येईना. लोकं पाया पडायला येतेत का तोंड बघायला येतेत तेच कळंना."

"कोण शिवकन्या?"

"तिची लेक. ऊसतोडीला गेलती. माघात तिकडं कारखान्यावर पाचटाच्या कोपीत तापानं गेली. तिकडंच जाळली. आईला तोंडसुदिक बघायला न्हाई मिळालं." सुग्रीवनं गाडीला किक मारली. "तू ओळखत होतास का तिला?"

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला, आणि मग त्याला ट्रक आठवला.

तीन दिवस झाले, देवी गेल्या, आणि धाकटीचा मुखवटा सुग्रीवच्या हातानं परत आला. निरोप असा, की पुढच्या सालापर्यंत पहिल्यासारखी करून ठेव. त्याच्या मागोमाग, पुढच्या मंगळवारी, सुभद्राबाई आली. साठीची, वाळकी, बोलायला सवड नसल्यासारखी बाई. आत आली, भिंतीला टेकून बसली.

"उघडा एकदा."

त्यानं खण सोडला. ती बराच वेळ बघत राहिली.

"तुमी हिला कुठं बघितली?"

"नाक्यावर. ट्रकवर बसलेली."

"कुणीकडं बघत होती?"

गहिनीनाथनं सांगितलं, रस्त्याकडं. सुभद्राबाईनं मान हलवली.

"भाकऱ्या घिऊन येते म्हणले होते. चार दिसाच्या. थापता थापता उशीर झाला. मी वळणावर आले तवा ट्रक पुढं निघून गेलता." एवढं बोलून ती उठली. दारात थांबून म्हणाली, "लग्नाचा आल्बम हाय तिच्या सासरी. नवी सून आणली तवापासून पेटीतनं काढत न्हाईत. पण त्यात ती नवरी हाय. ही माझ्याकडं बघती."

तेव्हापासून ती दर मंगळवारी यायला लागली. अर्जुनरावांकडची भांडी आटोपून यायची, दहा मिनिटं बसायची, जायची. फूल वाहिलं नाही की हात जोडले नाहीत.

गहिनीनाथचं डोकं त्या दहा मिनिटांभोवती फिरायला लागलं. भाद्रपद आला की हे डोळे पुसायचे. म्हणजे सुभद्राबाईची लेक दुसऱ्यांदा जाणार. सुनितानं तोड काढली, मोबाइलवर फोटो घेतला आणि छापूनही आणला. सुभद्राबाईनं तो हातात धरला, तिरका केला, दूर धरला. "ह्यात ती भिताडाकडं बघती," म्हणाली, आणि तरी पदरात बांधून नेला, कारण सुनितानं प्रेमानं दिला होता.

मग त्यानं साच्यातून कोरे मुखवटे काढले. पहिला केला, दुसरा केला, थंडी संपेपर्यंत सात केले. खारीचा ब्रश तोच, काजळ तेच, मुखवटा समोर ठेवलेला, अंतरं दोऱ्यानं मापलेली. सातही सुंदर झाले. आरशात बघितलं की सातही नुसते सुंदर. सुभद्राबाई एकेक हातात घ्यायची आणि म्हणायची, "ही बी छान हाय." इतक्या समजुतीनं म्हणायची, की त्यापेक्षा तिनं फेकून दिलं असतं तर बरं, असं त्याला व्हायचं. नवं बघून यावं म्हणून तो स्टँडवर जाऊन बसला, तर तिथं तोवर गोष्ट पोचलेली. तो बाकड्यावर बसला की समोरच्या बाया पदर पुढं ओढून घ्यायच्या. एक म्हातारी सरळ म्हणाली, "माझं नको उतरवून नेऊ रे बाबा, मला अजून वापरायचंय." चार माणसं हसली. तोही हसला, आणि पुन्हा गेला नाही. 'अलीकडे काय पाहिलंत' याचं उत्तर हे असं आहे.

शेवटी तो अर्जुनरावांच्या घरी गेला. अर्जुनराव जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेले होते, त्यांच्या पत्नी वनमालावहिनी ओसरीवर गव्हाला ऊन देत होत्या. त्यानं उभ्या उभ्या मागणं मांडलं. धाकटीचा नवा मुखवटा मी घडवून देतो, अगदी जुन्या वळणाचा. हा फुटका मला द्या. कशाला, तेही सांगितलं.

"तुझ्यावर राग न्हाई गहिनीनाथ," वहिनी म्हणाल्या. "सुभद्राबाई आमच्या घरात वीस वर्षं हाय. मला बी वाईट वाटतं. पण एकदा बसवलेली देवी दाराबाहेर द्यायची म्हंजी काय? उद्या घरात काही बरंवाईट झालं तर सगळे माझ्याकडं बोट करतील. माझ्या एकटीच्या डोक्यावर नको. कुणी जाणत्यानं सांगितलं, असं चालतं म्हणून, तर ह्यांच्यापुढं मला बोलता येईल."

जाणतं म्हणजे कोण, हे दोघांनाही ठाऊक होतं. वनमालावहिनी बाईंची विद्यार्थिनी. मुलीचं स्थळ, सुनेचं बाळंतपण, कुळाचारातली अडचण, सगळं विचारायला बाईंकडं येणार. गहिनीनाथ तिथून निघाला तो थेट बाईंच्या दारात. फाल्गुनाचे दिवस होते.

"बाई, तुमी एकदा बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. भंगलेली मूर्ती घरात पुजू नये, नवी करावी, हे तर सगळेच मानतात. फुटून भरलेला मुखवटा बदलायला अडचण कसली? पाच मिनिटांचं बोलणं.

"एवढंच ना?" बाई म्हणाल्या. "मला तिच्याकडं जायचंच आहे. या आठवड्यात जाते."

तो इतका मोकळा झाला की जाताना बाईंच्या फाटकावरचं खरवडलेलं नाव न सांगता रंगवून गेला.

त्या आठवड्यात बाईंच्या गुडघ्यात पाणी झालं. मग ऊन फार होतं. मग पुण्याहून भाचा आला, मग वनमालावहिनीच कुठं देवदर्शनाला गेल्या असं कळलं. वैशाखात वहिनींच्या घरी जावळ होतं, त्याला बाई गेल्यासुद्धा. पण पन्नास बायकांत तो विषय कसा काढायचा, म्हणून आमरस जेवून परत आल्या. हे त्यांनी गहिनीनाथला सांगितलं नाही. तो वाटेत भेटला की विचारायचा नाही, नुसता थांबायचा. बाईच म्हणायच्या, "आहे माझ्या लक्षात." श्रावणात त्यानं दोनदा सुनिताला पाठवलं. दोन्ही वेळा बाईंनी तिला चहा दिला आणि उद्याचं सांगितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच उद्या जायचं असायचं.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशी चार वाजता सुग्रीव न्यायला येणार होता. शाडूवरचे डोळे वाळायला तीन तास लागतात, तेव्हा बारापर्यंत थांबता येण्यासारखं होतं. बाकी सगळी गाठोडी गेली होती. फळीवर तो एक मुखवटा, खण सोडलेला. मंगळवार नव्हता, तरी सुभद्राबाई नऊलाच येऊन बसली.

"बाई गेलत्या का?"

"जाते म्हणल्यात."

"मग थांबू."

दोघं बसून राहिले. सुनितानं मधे चहा आणून ठेवला. बोळात गाडी वाजली की गहिनीनाथ उठून दारात जायचा. अकराला त्यानं डिंक भिजवला. साडेअकराला काजळ खललं आणि ते वाळू नये म्हणून त्यावर ओलं फडकं टाकलं. बारा वाजले, सव्वाबारा झाले.

"तुमचा हात थांबलाय," सुभद्राबाई म्हणाली. "सुग्रीव येईल, तुमालाच बोलणं बसंल. पुसा."

"अजून घडीभर बघू."

"वर्षभर बघितलं की."

तिनं स्वतः उठून रांजणातलं पाणी वाटीत घेतलं आणि त्याच्यापुढं धरलं. त्यानं कापूस बुडवला. काजळ आणि डिंकच तो, दोन हातांत निघाला. आधी डावा डोळा, मग उजवा. वाटीतलं पाणी काळं झालं, तरी तिनं वाटी खाली ठेवली नाही, त्याचं होईपर्यंत धरून राहिली.

मग त्यानं त्या घरचे जुने डोळे काढले, आठवतील तसे. आकार बरोबर आला. आरशात बघायचं त्याच्या मनात आलं नाही. खणात गुंडाळताना सुभद्राबाई म्हणाली, "उद्या पाणी घालायला मीच हाय उंबऱ्यावर. वहिनीसाहेबांनी मुद्दाम सांगून ठिवलंय, माझं मन दुखू नये म्हणून." आणि भांडी राहिलीत म्हणून निघून गेली.

बाई त्या दिवशी घरीच होत्या. सकाळी दहाला साडी बदलून तयार झाल्या होत्या, छत्रीही दाराशी काढून ठेवली होती. मग कुणी तरी दाखल्यावर सही मागायला आलं, ते बोलत बसलं, आणि जेवायची वेळ झाली. बाईंच्या फाटकापासून वनमालावहिनींच्या ओसरीपर्यंत चालत बारा मिनिटं लागतात, गुडघा दुखत असला तर पंधरा. ते जाणं राहिलं.